नाशिक जिल्ह्यात विणीच्या पक्ष्यांचा सर्व्हे करायचाय? मग निघायच्या आधी हे वाचा

नांदूरमध्यमेश्वरला डिसेंबर-जानेवारीत रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही, सगळे बाहेरून आलेली बदकं आणि क्रौंच बघायला आलेले असतात. तिथंच जून-जुलैमध्ये जा, बांधावर तुम्ही आणि एखादा मासेमारी करणारा दादा एवढेच असता. आणि नेमकं तेव्हाच कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक असे इथले कायमचे रहिवासी पिल्लं वाढवत असतात. कुठला पक्षी जिल्ह्यात दिसतो हे आपल्याला बऱ्यापैकी माहिती असतं, पण तो कुठल्या गावाच्या शिवारात, कुठल्या महिन्यात वीण करतो याच्या नोंदी फार तुटपुंज्या असतात, आणि ही माहिती नसेल तर उद्या एखादं माळरान नांगरलं गेलं तेव्हा तिथं काय गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

मी हे काम केलंय, त्यात काय अडतं आणि काय सोपं जातं ते सुरुवातीपासून क्रमाने लिहितोय. एक गोष्ट आत्ताच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: घरटी शोधत फिरायचं नाही. पक्षी काय करतोय ते बघत उभं राहायचं. विणीचा पुरावा पक्षी स्वतःच देतो.

## १. जिल्हा नाही, आधी एक तालुका घ्या

नाशिक जिल्हा म्हणजे १५ तालुके आणि साधारण साडेपंधरा हजार चौरस किलोमीटर. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, तिथं भात, नागली, सागाचं जंगल, आणि इगतपुरीत पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर. पूर्वेला येवला, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग, तिथं पाचशेच्या आसपास पाऊस आणि मुरमाड माळ. मधे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा, ऊस, कालवे. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असल्यामुळे "जिल्ह्याचा सर्व्हे करतोय" असं म्हणून निघालात तर दोन महिन्यांत दमाल. घराजवळचा एक तालुका घ्या.

मग चौकोन पाडायचे. ही पद्धत जुनी आहे, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९६८ ते १९७२ या काळात १० किलोमीटरचे चौकोन करून सगळ्या विणीच्या पक्ष्यांचा नकाशा केला होता. आपल्याकडे केरळने २०१५ ते २०२० मध्ये अख्ख्या राज्याचा पक्षी अ‍ॅटलास केला, तो फक्त विणीचा नव्हता पण चौकोनांची आखणी आपल्याला जशीच्या तशी उपयोगी पडते. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे ओपन सिरीज नकाशे त्यांच्या पोर्टलवरून डाउनलोड होतात. प्रत्येक शीट अक्षांश-रेखांशाच्या १५ मिनिटं बाय १५ मिनिटांचं असतं, त्याच्या उभ्या-आडव्या चार-चार पट्ट्या पाडा, १६ चौकोन मिळतात आणि आपल्या अक्षांशावर एकेक चौकोन साधारण साडेसहा बाय सात किलोमीटरचा होतो. अख्ख्या जिल्ह्याचे असे साडेतीनशेच्या आसपास चौकोन होतील, तुमच्या तालुक्याला पंधरा ते तीस येतील.

आता सापळा क्रमांक एक. चौकोन मिळाला की आपण लगेच त्यातल्या तलावावर किंवा देवराईत जातो कारण तिथं पक्षी जास्त. तसं करू नका. चौकोनात चार छोटे तुकडे, साधारण एकेक किलोमीटरचे, चिठ्ठ्या टाकून निवडा. कांद्याचं उघडं रान आलं तर तिथंच जायचं. त्या उघड्या रानात डोंबारी चंडोल घरटं करतो आणि ते कुणी लिहून ठेवत नाही.

## २. हंगाम एक नाही, तीन आहेत

"पावसाळ्यात पक्षी वीण करतात" हे अर्धंच खरं आहे. तुम्ही फक्त जुलैमध्ये गेलात तर निम्मे पक्षी हातचे जातील.

नोव्हेंबर ते मार्च, कडे आणि ढोली. लांब चोचीची गिधाडं याच काळात कड्यावर विणीला बसतात, अंजनेरीचा कडा त्यासाठी माहितीचा आहे. जोडी एका वेळी एकच अंडं घालते म्हणून प्रत्येक घरटं मोलाचं. शृंगी घुबड ओढ्याच्या उभ्या दरडीत किंवा कपारीत, पिंगळा जुन्या आंब्याच्या ढोलीत. पोपटांची ढोलीवरची भांडणं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतात.

मार्च ते जूनचा पहिला आठवडा, उन्हाळा. हा नवख्यांनी सगळ्यात जास्त वापरायचा काळ. पानं कमी, आवाज भरपूर. तांबट, राखी धनेश, कोतवाल, चीरक, बुलबुल, वेडा राघू, टिटवी आणि माळटिटवी, आपला राज्यपक्षी हरियल, सगळे कामात असतात. गोदावरी-दारणेच्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि शेकाट्या बसतात, आणि धरणातून आवर्तन सुटलं की ही बेटं काही तासांत पाण्याखाली जाऊ शकतात. म्हणून नदीकाठचा चौकोन असेल तर आवर्तनाची तारीख आधी गावातून विचारून घ्या, सुटायच्या आधी एक चक्कर आणि नंतर एक चक्कर, आणि दोन्हीची नोंद.

जून ते सप्टेंबर, पावसाळा. सुगरण, वटवटे, मुनिया, पाणपक्षी. चातक आलेला असतो. घाटाकडच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तुर आणि झाडीत नवरंग. पण इगतपुरी-त्र्यंबकला जुलैमध्ये धुकं आणि पाऊस एवढा असतो की दुर्बीण काढून उपयोग नसतो, तिथं जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबरची उघडीप पकडा. पूर्वेकडच्या तालुक्यांना उलट जुलै-ऑगस्टच चांगला.

म्हणजे एका चौकोनाला वर्षात निदान तीन फेऱ्या. तेवढा वेळ नसेल तर चौकोन कमी करा, फेऱ्या नका कमी करू.

## ३. परवानग्या आणि कागद

गावरस्त्यावरून, बांधावरून बघायला कुणाची लेखी परवानगी लागत नाही, शेतमालकाला विचारलं की झालं. वनजमिनीत शिरायचं असेल तर मात्र पत्र घ्याच. जिल्ह्यात नाशिक पूर्व आणि नाशिक पश्चिम असे प्रादेशिक वनविभाग आहेत आणि वन्यजीव विभाग वेगळा, नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य वन्यजीवकडे येतं. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला की तो इकडून तिकडे फिरण्यात महिना जातो, म्हणून आधी तुमच्या चौकोनातल्या गावाच्या वनरक्षकाला भेटून विचारा की हे क्षेत्र नक्की कुणाकडे. बोरगड, अंजनेरी, ममदापूर ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत, तिथं तर न विचारता जाऊच नका.

सोबत काय काय ठेवायचं:

- उपवनसंरक्षकांच्या नावाने दिलेला अर्ज आणि त्याची पोच घेतलेली प्रत (हंगामाच्या निदान दीड-दोन महिने आधी द्या)
- अर्जाला जोडायला चौकोनांचा नकाशा, सोबतच्या सगळ्यांची नावं, गाड्यांचे नंबर
- मिळालेल्या परवानगीच्या तीन-चार झेरॉक्स, एक आरएफओ (वनक्षेत्रपाल) ऑफिसला, एक वनरक्षकाला, एक स्वतःकडे
- ओळखपत्र
- एक पानी मराठी माहितीपत्रक: आम्ही कोण, काय बघतोय, कुणाला हात लावत नाही, फोन नंबर. याने जेवढी दारं उघडतात तेवढी सरकारी पत्राने उघडत नाहीत

देवळालीच्या बाजूला लष्करी हद्द आहे, तोफखान्याचा सराव चालतो, त्या चौकोनाचा तो भाग सरळ सोडून द्या आणि नोंदीत "प्रवेश नाही" असं लिहा. ओझर विमानतळाच्या भिंतीलगतही दुर्बीण गळ्यात घालून रेंगाळू नका. गावात नवीन माणूस पहाटे दुर्बीण घेऊन फिरतोय म्हटल्यावर संशय येणारच, म्हणून आदल्या दिवशी पोलीस पाटील किंवा सरपंचांना एक फोन.

## ४. सामान

दुर्बीण ८×४२, यापेक्षा जास्त पॉवरची घेऊ नका, हात हलतो आणि पहाटेच्या उजेडात अंधारी दिसते. कड्यावरच्या गिधाडांसाठी स्पॉटिंग स्कोप लागतो, तो विकत घ्यायची गरज नाही, जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या पक्षीमित्राकडे असतो. फोनमध्ये ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी भरायचं) अ‍ॅप, ऑफलाइन नकाशा, पॉवर बँक. पेठ-सुरगाण्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, घरून निघतानाच डाउनलोड करा. वही आणि पेन्सिल, पेन नको, पावसात शाई पसरते. मळकट रंगाचे कपडे, टोपी, पावसाळ्यात गमबूट, हातात काठी.

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात बिबट्या असतो हे गावातलं पोरगंही सांगेल. अंधार असताना उसाच्या कडेने एकट्याने जायचं नाही, दोघं जा, बोलत जा, नीट दिसायला लागल्यावरच बांधावर उतरा.

## ५. सकाळ कशी घालवायची

मे महिन्यात सहाच्या सुमाराला उजाडतं, साडेनऊनंतर पक्षी गप्प होतात. या साडेतीन तासांत चार तुकडे.

प्रत्येक तुकड्यात पंधरा-पंधरा मिनिटांच्या याद्या करा, केरळवाल्यांनीही तशाच केल्या होत्या. दिसलेली-ऐकलेली प्रत्येक जात आणि संख्या, चिमणी-कावळ्यासकट. ईबर्ड यादी देताना विचारतं की ओळखू आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, तिथं "हो" म्हणता आलं पाहिजे. यादी झाली की मग पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसा, झाडाला टेकून, आणि फक्त बघा. विणीचे पुरावे बहुतेक या बसण्यातूनच मिळतात, चालताना नाही. चीरकाची मादी चोचीत अळी घेऊन आली, तुम्ही दिसलात, तर ती दगडावर शेपटी उडवत बसून राहील आणि अळी तशीच धरून ठेवेल, खाणार नाही. तुम्ही हलला नाहीत तर थोड्या वेळाने ती एका ठरावीक दगडाच्या फटीत शिरते आणि रिकाम्या चोचीने बाहेर येते. झालं, पुरावा मिळाला, फटीत बघायची गरजच नाही.

## ६. पुराव्याच्या तीन पायऱ्या

ईबर्डमध्ये पक्ष्याच्या नावावर टॅप केलं की विणीचा कोड भरायची सोय आहे. कोड वीसच्या वर आहेत, सगळे पाठ करायचे नाहीत, पायऱ्या समजल्या की पुरे.

शक्य: योग्य जागी, योग्य हंगामात पक्षी आहे किंवा नर गातोय. एवढंच.

संभाव्य: जोडी आहे, नर हद्दीसाठी दुसऱ्याशी भांडतोय, मीलन किंवा प्रणयनृत्य चाललंय, आठवड्याने परत गेलात तरी तिथंच गातोय, किंवा तुम्हाला बघून अस्वस्थ होऊन ओरडतोय.

पक्का: चोचीत पिल्लांसाठी खाऊ, पिल्लांची विष्ठेची पांढरी पिशवी बाहेर नेऊन टाकणं, नीट उडता न येणारी पिल्लं, पिल्लांना भरवणं, घरट्यावर बसलेला पक्षी, आणि जखमी झाल्याचं सोंग. हे शेवटचं माळावर दिसतं: टिटवी किंवा रातवा पंख लोंबकळत फरफटत पुढं पळतो, तुम्ही मागे गेलात की शंभर फुटांवर नीट उडून जातो. असं दिसलं की जागच्या जागी थांबा, पायाखाली बघा, आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. माळटिटवीची अंडी मुरमावर मुरमाच्याच रंगाची, चार, टोकं आत वळलेली, दोन हातांवरून दिसत नाहीत.

दोन कोड लागू पडत असतील तर वरच्या पायरीचा भरा. शंका असेल तर खालच्या पायरीचा. "शक्य" लिहिणं कमीपणाचं नाही, खोटं "पक्का" मात्र पुढचे सगळे नकाशे बिघडवतं.

## ७. हमखास फसवणाऱ्या गोष्टी

सुगरणीची अर्धवट घरटी. विहिरीवरच्या बाभळीला पंधरा खोपे लटकताना दिसले म्हणजे पंधरा कुटुंबं नाहीत. नर अर्धा खोपा विणतो, मादीला पसंत पडला तरच पुढं नळी होते. नळी असलेले आणि नसलेले वेगळे मोजा. शिवाय खोपे पुढच्या वर्षीपर्यंत टिकतात, तपकिरी वाळलेले गेल्या वर्षीचे, हिरवे-पिवळे यंदाचे.

चोचीत खाऊ म्हणजे पिल्लं असतीलच असं नाही. कावळा, घार, खंड्या, शिकारी पक्षी स्वतःच्या खाण्यासाठीही लांब नेतात. बुलबुल, चीरक, कोतवाल यांचं मात्र धरायला हरकत नाही, त्यातही एकाच जागी दोन-तीनदा गेला पाहिजे.

चातक, पावशा, कोकिळ. हे स्वतः घरटं बांधत नाहीत. कोकिळ कावळ्याच्या, चातक आणि पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. ऑगस्टमध्ये सातभाईंच्या थव्यात एक काळं-पांढरं, तुऱ्याचं पिल्लू तोंड वासून ओरडतंय आणि सातभाई त्याला नाकतोडे आणून भरवतायत असं दिसलं तर तो चातकाचा पक्का पुरावा, सातभाईंचा नाही. बरेच जण उलटं लिहितात.

एप्रिलमध्ये रेंगाळणारे पाहुणे. परदेशी वटवटे, पळसमैना एप्रिलपर्यंत असतात आणि वटवटे तर चक्क गातातही. त्यांना विणीचा कोड द्यायचा नाही. हिवाळ्यात तलावावर बदकं माना हलवून प्रणय करतात, तेही तसंच, वीण ते उत्तरेत करतात.

विणीची पिसं. बगळ्याला तुरे आले म्हणजे तो इथंच घरटं करतोय असं नाही, तो काही किलोमीटर लांबच्या चिंचेवरच्या सारंगागारातून (बगळ्यांच्या घरट्यांच्या वसाहतीतून) चरायला आलेला असतो. ती चिंच शोधा, गावातल्या बाजारतळावर किंवा एसटी स्टँडमागे असते बऱ्याचदा, खाली पांढरा सडा दिसतो.

आवाज वाजवून बोलावणं. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवला की नर समोर येतो हे खरं, पण विणीत तो पिल्लं सोडून भांडायला येतो. या कामात प्लेबॅक पूर्ण बंद. विशेष करून पेठ-सुरगाण्याच्या सागात, कारण १९९७ मध्ये शहाद्याजवळ (तेव्हाचा धुळे जिल्हा, आता नंदुरबार) पुन्हा सापडलेला रानपिंगळा अशाच झाडोऱ्यात राहतो आणि तो जगात फार थोडा उरलाय. दिवसाढवळ्या एखादं घुबड वेगळंच ओरडलं तर रेकॉर्ड करा, आणि जाणकाराला ऐकवा.

## ८. घरटं दिसलंच तर

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्याच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणंही येतं, हे सोबतच्या प्रत्येकाला आधी सांगा. पण कायद्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आपल्या पावलांचा वास आणि दबलेलं गवत, त्यावरून मुंगूस आणि गावची कुत्री थेट पोचतात, आणि कावळे तर आपण कुठं वाकून बघतोय हे वरून बघतच असतात.

म्हणून: लांबून दुर्बिणीने बघा, एक-दोन मिनिटांत बाजूला व्हा, फांदी बाजूला करायची नाही, कड्याजवळ ड्रोन उडवायचा नाही, घरट्याचा फोटो काढायचा नाही. अंडी किंवा लहान पिल्लं असताना मे महिन्याच्या उन्हात आई उठली की दहा मिनिटांतही ती मरू शकतात. गिधाडांचं घरटं कड्याखालून, लांबून मोजा, कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात त्यावर नजर ठेवली की बसलेला पक्षी सापडतो. आणि घरट्याचं लोकेशन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही, कितीही ओळखीचा ग्रुप असला तरी, मी याबाबतीत अगदी कट्टर आहे.

## ९. शेतकऱ्यांशी बोला, हा वेगळा मुद्दा म्हणून घ्या

पाराजवळ बसलेल्या आजोबांना "नाना, यंदा टिटवी कुठं बसली?" असं विचारा. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस चांगला असं आपल्याकडे मानतात, त्यामुळे ती कुठं बसली यावर खूप जणांचं लक्ष असतं आणि ते तुम्हाला गट नंबरासकट सांगतील. पावशा "पेरते व्हा" कधी ओरडायला लागला तेही. शाळेतली पोरं ढोल्या दाखवतात, फक्त त्यांना आधीच सांगा की चढायचं नाही. सांगोवांगीची माहिती नोंदीत वेगळ्या रकान्यात लिहा आणि स्वतः बघितल्यावरच कोड द्या.

द्राक्षबागांचं खास सांगायचंय. बुलबुल आणि शिंपी वेलीच्या मांडवात घरटं करतात, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी असते, म्हणजे ऐन विणीत सगळा मांडव मोकळा होतो. बागेत जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी मालकाला फोन करून फवारणी आहे का विचारा, फवारणीनंतर बागेत शिरू नका. छाटणीच्या आधी आणि नंतर अशा दोन फेऱ्या एकाच बागेत केल्या तर खरंच उपयोगाची माहिती मिळते. बरेच बागायतदार घरटं असलेली काडी शेवटी छाटायला तयार होतात, "मावशी, एवढी एक काडी पंधरा दिवस राहू द्या" असं छाटणीवाल्या मावशींना सांगितलं की त्या दोरा बांधून ठेवतात, मालकापेक्षा त्यांनाच सांगणं जास्त कामाला येतं.

## १०. संध्याकाळचं काम

नोंदी त्याच दिवशी भरा, दुसऱ्या दिवशी कुठला कोतवाल कुठल्या तुकड्यातला ते आठवत नाही. वहीचे फोटो काढून ठेवा. संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण ईबर्ड स्वतः झाकतं पण ती यादी मर्यादित आहे, त्यामुळे घुबड, शिकारी पक्षी, माळावरचा धाविक यांच्या घरट्याची जागा टिपणात लिहू नका, गावाचं नाव पुरे.

जिथं काहीच मिळालं नाही त्या तुकड्याची यादीही पाठवायची, वेळ आणि तारीख लिहून. पाच वर्षांनी तिथं शेततळं झालं आणि टिबुकलीनं घरटं केलं तर ते नवीन आहे हे या रिकाम्या यादीवरूनच कळणार.

हंगाम संपला की चौकोनवार यादी मराठीत छापा, घरट्यांच्या जागा वगळून. एक प्रत आरएफओ ऑफिसला द्या, परवानगीच्या पत्रात बहुतेक तशी अट असतेच आणि ती पाळली की पुढच्या वर्षीचं पत्र लवकर मिळतं. एक ग्रामपंचायतीत आणि एक जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुढच्या हंगामाचा अर्ज कड्यांच्या चौकोनांसाठी सप्टेंबरमध्येच टाका, कारण नोव्हेंबरात गिधाडं बसायला लागतात.